ते वितळलं नाही हो!

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या विज्ञान पानावर लेझरने पदार्थ वितळवून सुपरफास्ट मेमरी बनवणार अशी बातमी वाचली. असला विषय पेपरात येतो हेच विशेष, त्याबद्दल थँक्स, पण हेडिंगमधल्या "वितळवून" या एका शब्दाने सगळा मुद्दाच उलटा झाला. आता शास्त्रज्ञ स्वतःच पदार्थातली इलेक्ट्रॉनांची लाट "वितळली" म्हणतात, त्यामुळे बातमीदाराला एकट्याला काय बोलणार, पण वाचणाऱ्याला वाटतं की लेझर म्हणजे महागडा स्टोव्ह.

साध्या धातूत इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे पसरलेले असतात. टॅन्टलम डायसल्फाइडसारख्या पापुद्र्यापापुद्र्याच्या क्रिस्टलमध्ये तसं नसतं, तिथे ते ठराविक अंतरावर गोळा होतात, इथे दाट मग विरळ परत दाट, यालाच चार्ज डेन्सिटी वेव्ह म्हणतात, आणि नाव वेव्ह असलं तरी ही लाट कुठे जात नाही, जागच्या जागी गोठलेली असते. या इलेक्ट्रॉनांपायी अणूही जागा सोडतात. टॅन्टलमचे 12 अणू मधल्या 13व्याकडे किंचित सरकतात, सहा टोकांची चांदणी तयार होते, आणि खूप थंडीत या चांदण्या एकमेकींना इतक्या घट्ट लागून बसतात की करंट जवळपास अडतोच.

हा क्रिस्टल हळूहळू तापवला तर ही नक्षी टप्प्याटप्प्याने सैल होते, साधारण 220 केल्व्हिनला (म्हणजे उणे 53 अंश सेल्सियसला) एक टप्पा, 350 च्या आसपास पुढचा, आणि 550 च्या पुढे सगळंच विस्कटतं. स्लोव्हेनियातल्या योझेफ श्टेफान इन्स्टिट्यूटच्या लोकांनी 2014 मध्ये अतिथंड क्रिस्टलवर लेझरचा 35 फेमटोसेकंदांचा (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) एकच पल्स मारला, तर तो यातल्या कुठल्याच टप्प्यावर न जाता भलत्याच अवस्थेत गेला, रेझिस्टन्स धाडकन पडला, आणि लेझर बंद झाल्यावरही तो तसाच राहिला! हिला ते हिडन स्टेट म्हणतात. ही अवस्था पुसायची असेल तर काय करतात माहितीये? क्रिस्टल तापवतात. म्हणजे जी उष्णता तुमच्या बातमीत हिरो आहे ती इथे खोडरबर आहे.

35 फेमटोसेकंदांत प्रकाश स्वतः मिलिमीटरचा शंभरावा भाग जेमतेम पार करतो. तेवढ्या वेळात जड अणूंना हलायला सवडच मिळत नाही, आधी इलेक्ट्रॉन खवळतात आणि अणू मागून येतात, सगळी गंमत या मधल्या वेळात आहे. तो टिपायला एका पल्सने मारायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि दुसऱ्याचा रस्ता आरसे सरकवून लांबवायचा, 0.3 मिलिमीटर जास्त रस्ता म्हणजे 1 पिकोसेकंद (1000 फेमटोसेकंद) उशीर. हे हजारो वेळा करतात, आणि दरवेळी पदार्थ परत मूळ जागी यावा लागतो. हिडन स्टेट नेमकी येतच नाही! त्यामुळे प्रत्येक वेळी पुसून परत सुरुवात, करणाऱ्यांचा पेशन्स मानला पाहिजे.

आणि प्रकाश फक्त मोडतोड करतो असंही नाही. लॅन्थॅनम ट्रायटेल्युराइड नावाच्या दुसऱ्या क्रिस्टलमध्ये ही लाट एकाच दिशेने असते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रुपने तिच्यावर पल्स मारला तेव्हा ती दुबळी झाली आणि लगेच तिला काटकोनात, जिथे आधी काही नव्हतं तिथे, दुसरी लाट उभी राहिली, थोडे पिकोसेकंद टिकली आणि गेली. दोघींची आपसात चुरस आहे, एक बसली की दुसरीला चान्स. यात वितळण्याचा काय संबंध?

राहिली सुपरफास्ट मेमरी. 2014 चा तो प्रयोग शून्याखाली 200 अंश सेल्सियसच्याही बऱ्याच खाली झालेला आहे, टेबलावरच्या काँप्युटरमध्ये ही थंडी आणायची कुठून? बातमीत वेग होता, तापमान कुठेच नव्हतं. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तर त्यात तेवढा आकडा जरूर टाका.

आपला नेहमीचा वाचक