खटला झालाच नाही, मग ‘निर्दोष’ कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या महाभियोगांच्या राजकारणाला कालच्या अंकात अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार. बायडेन यांचे गृहसुरक्षा मंत्री आलेहांद्रो मायोर्कस यांचे, सीमेवर कायदा पाळला नाही या आरोपाचे प्रकरण मात्र लेखात एका वाक्यात उरकले आहे. प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केला आणि सिनेटने त्यांना निर्दोष सोडले, असे ते वाक्य. पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध साफ चूक.

सिनेटने कुणालाही निर्दोष सोडले नाही, कारण खटला चाललाच नाही. १७ एप्रिल २०२४ रोजी सिनेटरांनी न्यायनिवाड्याची शपथ घेतली आणि थोड्याच वेळात बहुमताचे नेते, डेमोक्रॅट चक शूमर यांनी हरकतीचा मुद्दा काढला. दोन आरोप-कलमांपैकी पहिल्या कलमात महाभियोगायोग्य गुन्ह्याचा आरोपच नाही, सबब ते घटनाबाह्य, असा तो मुद्दा. मतदान ५१ विरुद्ध ४८. अलास्काच्या रिपब्लिकन लिसा मर्कोव्स्की यांनी नुसती हजेरी नोंदवली. दुसऱ्या कलमाची वासलात ५१ विरुद्ध ४९ अशी लागली. आरोप मांडायला प्रतिनिधीगृहाने पाठवलेले ११ जण तसेच बसून राहिले आणि साधारण तीन तासांत दुकान बंद झाले. दोषी ठरवायला हजर सदस्यांची दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे सगळे हजर असतील तर ६७. कलमच फेटाळायला मात्र साधे बहुमत पुरते. मेख इथे आहे. आज उत्तरदायित्वाच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्या डेमोक्रॅटांनीच ही पळवाट पाडून ठेवली. उद्या रिपब्लिकन बहुमताची सिनेट तिच वाट वापरील तेव्हा ते कोणत्या तोंडाने ओरडणार?

मंत्र्यावरच्या महाभियोगाचा त्याआधीचा दाखला १८७६ चा. युद्धमंत्री विल्यम बेलनॅप प्रतिनिधीगृहाचे मतदान होण्यापूर्वीच राजीनामा देऊन मोकळे झाले होते, तरी सिनेटने खटला चालवला, साक्षी काढल्या, मते घेतली. बहुमत त्यांच्या विरोधात गेले, पण दोन तृतीयांश भरले नाही, म्हणून ते सुटले. याला सुटणे म्हणतात.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या लेखकांनी रिपब्लिकनांना ‘सीमेसाठी लढणारे’ असे प्रशस्तिपत्र बहाल केले आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी महाभियोगाचा ठराव पहिल्यांदा मताला आला. केन बक, टॉम मॅक्लिंटॉक आणि माइक गॅलघर हे तीन रिपब्लिकन विरोधात गेले. शस्त्रक्रिया झालेले टेक्ससचे डेमोक्रॅट अल ग्रीन रुग्णालयाच्या कपड्यांत, व्हीलचेअरवरून सभागृहात आले आणि आकडा २१५-२१५ वर अडकला. समसमान मते म्हणजे ठराव पडला. मग युटाहचे रिपब्लिकन ब्लेक मूर यांनी आपले मत ऐनवेळी फिरवून ‘विरोधात’ केले. त्यांना पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता. फेरविचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूचाच सदस्य आणू शकतो, एवढाच हिशेब. म्हणून अधिकृत नोंद २१४-२१६ अशी आहे. पुढच्या आठवड्यात, १३ तारखेला, कर्करोगावर उपचार घेणारे रिपब्लिकन स्टीव्ह स्कॅलिस परतले आणि तोच ठराव २१४-२१३ ने मंजूर झाला. त्याच रात्री न्यूयॉर्कची पोटनिवडणूक डेमोक्रॅट टॉम सुओझी यांनी जिंकली. ते आधीच शपथ घेऊन बसलेले असते तर पुन्हा बरोबरी. एका आठवड्यात सीमेवर काय बदलले? काही नाही. बदलला तो हजेरीपट.

आरोपात दम नव्हता असेही नाही. कायदा म्हणतो की प्रवेशास अपात्र ठरलेल्यांना स्थानबद्ध ‘करावे’. पॅरोल, म्हणजे देशात तात्पुरता प्रवेश, प्रकरणागणिक तपासून, तातडीच्या मानवतावादी कारणासाठी किंवा ठोस सार्वजनिक हितासाठीच द्यावा, असेही तोच कायदा सांगतो. क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला या चार देशांसाठी महिन्याला ३०,००० पर्यंतचा पॅरोल ही प्रकरणागणिक तपासणी कशी, हा प्रश्न सिनेटसमोर यायलाच हवा होता. पण स्थानबद्धतेचे काय? काँग्रेसने पैसे दिले होते ३४,००० खाटांचे. डिसेंबर २०२३ या एकाच महिन्यात दक्षिण सीमेवर गस्तीपथकाने सुमारे अडीच लाख वेळा माणसे अडवली. निर्वासन न्यायालयांत ३० लाखांवर प्रकरणे पडून होती आणि न्यायाधीश सातशेच्या आसपास. म्हणजे आश्रय मागणाऱ्याची प्राथमिक मुलाखत घ्यायची, तारखेचा कागद हातात द्यायचा आणि काही वर्षांनी या म्हणायचे. खाटा द्यायच्या नाहीत आणि सगळ्यांना का झोपवले नाही म्हणून मंत्र्याला कठड्यात उभे करायचे, याला लढाई म्हणत असतील तर म्हणोत.

खाटा वाढवण्याची संधी त्याच आठवड्यात समोर होती. रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा या सिनेटरांचे सीमाविषयक विधेयक ४ फेब्रुवारीला बाहेर आले. त्यात खाटा ५०,००० पर्यंत नेण्याची तरतूद होती, चार हजारांवर नवे आश्रय अधिकारी होते, आणि सात दिवसांची सरासरी रोज ५,००० वर गेली की सीमेवर आश्रय मागणे बंद करण्याची सक्ती होती. ट्रम्प यांनी विरोध केला आणि ७ तारखेला विधेयक ४९-५० ने अडले. ६० मते लागत होती. तिथे शूमर यांनीही मत विरोधात टाकले, फेरविचाराची दारे उघडी ठेवण्यासाठी. मूर यांचीच युक्ती! लेखात या विधेयकाचा उल्लेखही नाही.

लेखात आणखी एक आकडा खटकला. ‘२०२३ मध्ये एक लाख भारतीय मेक्सिकोमार्गे घुसले.’ अमेरिकी आर्थिक वर्ष २०२३ मधला ९६,९१७ हा आकडा अडवल्याच्या घटनांचा आहे. एकच माणूस दोनदा सापडला तर नोंद दोनदा होते आणि निसटलेला त्यात येतच नाही. शिवाय यातल्या सुमारे ३०,००० नोंदी कॅनडाच्या सीमेवरच्या आहेत.

आणि श्री ठाणेदार यांचे छायाचित्र. ‘बेळगावचा मराठी माणूस ट्रम्प यांची खुर्ची हलवणार’ ही ओळ वाचून करमणूक झाली. डेमोक्रॅट खासदार ठाणेदार यांनी २८ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमे दाखल केली, हे खरे. असा ठराव विशेषाधिकाराखाली मांडता येतो. नेत्यांची इच्छा असो-नसो, कामकाजाच्या दोन दिवसांत तो घ्यावाच लागतो. मात्र घेतला की पहिला प्रस्ताव येतो तो बाजूला ठेवण्याचा, आणि त्याला साधे बहुमत पुरते. १४ मे रोजी ठाणेदार यांनी स्वपक्षाच्या दबावाखाली मतदानाचा आग्रह सोडला. जूनमध्ये अल ग्रीन यांनी ट्रम्प यांच्याविरुद्धचा आपला ठराव रेटला, तो ३४४ विरुद्ध ७९ ने बाजूला पडला. बाजूला सारणाऱ्यांत १२८ डेमोक्रॅट होते. ठाणेदार यांच्याविषयी लिहायचेच होते तर ते मायोर्कस यांच्यावरील कलमे १८-१५ ने पुढे पाठवणाऱ्या गृहसुरक्षा समितीचे सदस्य होते, हे लिहायचे होते. समितीचे ते मतदान ३१ जानेवारीच्या पहाटे झाले, पक्षांच्या रेषेवर, एकही मत न हलता.

जाब विचारण्याची खरी हत्यारे खर्चाच्या कायद्यात असतात. खासदाराला स्थानबद्धता केंद्रात शिरण्यापासून रोखायला गृहसुरक्षा खात्याने पैसा वापरायचा नाही आणि पूर्वसूचनेची अट घालायची नाही, अशी तरतूद तिथे आहे. तरीही २०२५ मध्ये खात्याने सात दिवस आधी कळवा म्हटले आणि १२ खासदारांना न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये खात्याचे नागरी हक्क कार्यालय आणि स्थानबद्धांच्या तक्रारी पाहणारे लोकपाल कार्यालय जवळजवळ रिकामे केले गेले. जुलैत याच खात्याला स्थानबद्धतेसाठी ४५ अब्ज डॉलर मिळाले. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत महाराष्ट्रातले तिघे होते. बेड्यांची छायाचित्रे आपल्याकडे सगळ्यांनी छापली, पण तक्रार ऐकणारे कार्यालय उरले आहे का, हे कुणी विचारले नाही. तुम्हीही नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर सिनेटची दोन्ही मतदाने वेगवेगळी द्यावीत, ५१-४८ आणि ५१-४९. आणि ती आतल्या पानावर, वधू-वर सूचकाच्या खाली नकोत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे