पंप आणलास, आता डीझेलचं बघ

कोलंबस, इंडियाना
रविवार

प्रिय बंड्या,

फोटो पाहिला. ट्रकचा जुना इंजेक्शन पंप काढून त्याजागी बसवायला आणलेला 13 मिलिमीटर प्लंजरचा (दट्ट्याचा) पी-पंप, तोही जेवणाच्या टेबलावर, खाली वहिनींची चादर. पंप इंजिनवर चढेपर्यंत तुझं घरात काय होतंय याचीच मला जास्त काळजी आहे.

तुझा प्रश्न एवढाच होता, की टाकीतून इंजेक्शन पंपापर्यंत डीझेल पोचवणारा लिफ्ट पंप तासाला 100 गॅलनचा घ्यावा, 150 चा की 165 चा. आधी हिशेब करू. 500 हॉर्सपॉवर पूर्ण जोरात काढायची तर तासाला साधारण 200 पौंड डीझेल जळतं. गॅलनला सात पौंडांहून किंचित जास्त धर, म्हणजे झाले 28 गॅलन, आपल्या भाषेत 106 लिटर. मग दीडशे कशाला? एक तर खोक्यावरचा आकडा मोकळ्या तोंडाने वाहणाऱ्या पंपाचा असतो. पुढे फिल्टर, वळणं, बँजो बोल्ट (आतून डीझेल जाणारे पोकळ बोल्ट) आणि 35 पीएसआय दाब आला की तो बराच खाली येतो. दुसरं म्हणजे सगळं डीझेल जळायचं नसतं. बरंचसं इंजेक्शन पंपाच्या गॅलरीतून, म्हणजे आतल्या डीझेलच्या पोकळीतून, फिरून उष्णता आणि हवेचे बुडबुडे घेऊन टाकीत परत गेलं पाहिजे. तू 150 चा घे. 165 चे जादा पैसे पाइप आणि फिटिंगवर घाल. लोक नेमकं उलटं करतात: पंप सगळ्यात मोठा आणि त्याला टाकीतून डीझेल देणारी नळी जुनीच.

आता दाबाचं. तुझ्या 2001 च्या 24 व्हॉल्व्ह इंजिनवर कारखान्यातून व्हीपी-44 हा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पंप होता. त्याला 10 ते 15 पीएसआय मिळाले की तो खूश, कारण त्याला डीझेल मुख्यतः थंडाव्याला आणि वंगणाला लागायचं. त्याचा कॉम्प्युटरही पंपाच्या डोक्यावरच बसलेला. पी-7100 चा, म्हणजे तुझ्या पी-पंपाचा, संसार वेगळा. त्याच्या कॅमला इंजिनचं ऑइल मिळतं, डीझेल फक्त प्लंजर-बॅरलमध्ये. पण ते बॅरल भरायला वेळ किती असतो बघ. इंजिन 2800 आरपीएमवर असेल तर पंप 1400 वर फिरतो, म्हणजे एका फेरीला 43 मिलिसेकंद, आणि त्यातला थोडाच वेळ पोर्ट उघडं असतं. तेवढ्यात गॅलरीतून डीझेल आत घुसायला हवं. 12 पीएसआयवर आयडलिंग मस्त होईल, गल्लीत फिरून येशील, आणि ट्रेलर लावून चढाला लागलास की गाडी वरच्या आरपीएमला हात टेकेल. मग तू टर्बोला शिव्या घालणार. मी चालू इंजिनला 25 च्या खाली जाऊ देत नाही आणि जोरात असताना 35 ते 40 बघतो. त्याच्या फार वर जाऊन काही मिळत नाही, सील मात्र रडायला लागतात.

एक गोष्ट तुझ्या पार्ट्सच्या यादीत दिसली नाही: पंपाच्या बाजूला बसतो तो ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. आत एक स्प्रिंग आणि गोळी, बाकी काही नाही, पण गॅलरीतला दाब तोच धरून ठेवतो. स्प्रिंग म्हातारी झाली असेल तर तू 150 चा लाव नाहीतर अग्निशमन दलाचा पंप लाव, डीझेल सरळ परत टाकीकडे पळणार. तुझा पी-पंप जुन्याचा नवा करून आलाय, पण व्हॉल्व्ह त्यात धरला होता का, ते विक्रेत्याला विचार. उत्तर गोलमोल आलं तर नवा बसव. स्वस्त वस्तू आहे.

आता मुख्य मुद्दा. लिफ्ट पंप डीझेल ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त जागा रिकामी करतो. टाकीतून डीझेल ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ती 14.7 पीएसआयने ढकलते. तू राहतोस डेन्व्हरला, तिथे साधारण 12. आणि कॅम्पर घेऊन आय-70 वर आयझेनहॉवर बोगद्यापाशी, अकरा हजार फुटांवर पोचलास की साडेनऊच्या आसपास. म्हणजे सगळ्यात जास्त डीझेल जिथे लागतं, तिथेच ढकलणारा हात सगळ्यात अशक्त. इथे इंडियानात आमच्याकडे सगळं सपाट मक्याचं रान, अर्धवट काम केलेली सक्शन लाइनही वर्षानुवर्षं चालून जाते. तुझ्याकडे नाही चालणार.

म्हणून लिफ्ट पंप इंजिनजवळ मुळीच नको. टाकीच्या शेजारी, चासीच्या पट्टीवर, जमेल तितका खाली, आणि सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला. टाकी ते पंप नळी अर्धा इंची, आखूड, वळणं कमीत कमी. काटकोनी फिटिंग तर या बाजूला एकही नको. पंपाच्या आधी जाळी ठेव ती जाड, फक्त कचरा अडवण्यापुरती. दोन-तीन मायक्रॉनचा बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, जिथे ढकलायला ताकद आहे. बारीक फिल्टर सक्शनला लावलास तर डेन्व्हरच्या पहिल्याच कडाक्याच्या थंडीत डीझेलमधलं मेण त्यावर बसेल आणि तू पहाटे ड्राइव्हवेत हेअर ड्रायर घेऊन उभा असशील.

टाकीतून घ्यायचं कसं, यावर इथे दोन पंथ आहेत. एक टाकीच्या तळाला भोक पाडून वाटी बसवतो, त्याला संप म्हणतात. दुसरा वरून नळी सोडतो. संपाने शेवटचा थेंब मिळतो हे खरं, पण पाणी आणि गाळही पहिल्यांदा तिथेच उतरतो, आणि कच्च्या रस्त्यावरचा दगडही तिथेच लागतो. मी वरून नळीच्या पंथाचा. नळीचं तोंड तिरकं काप, कारण टाकी प्लास्टिकची आहे आणि तिचा तळ हलतो. सपाट तोंड तळाला चिकटलं की विषय संपला. मात्र या नळीला टाकीतल्या मूळच्या, डीझेल धरून ठेवणाऱ्या टोपलीसारखा आडोसा नसतो. पाव टाकीच्या खाली गेलास की वळणावर डीझेल एका कोपऱ्यात जातं आणि नळी हवा पिते. कॅम्पर मागे असताना पाव टाकी म्हणजे रिकामी टाकी, असं डोक्यात पक्कं कर. रिटर्नची नळीही त्या तोंडापासून लांब आणि डीझेलच्या पातळीखाली सोड. वरून धबधबा पडला की फेस होतो, आणि तोच फेस पुन्हा पंपात.

सक्शनची गळती दिसत नाही, हे तुला सांगायला नको. आपल्या गावाकडे टाटाच्या ट्रकने एअर धरली की क्लीनर खाली घुसून फीड पंपाचं बटण दाबत बसायचा आणि ड्रायव्हर रस्त्यावर डीझेलचा थेंब शोधायचा. थेंब कुठून सापडणार? त्या बाजूला डीझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती लाव आणि इंजिन चालू करून टॉर्च मार. बुडबुड्यांची माळ दिसली तर मागे मागे जात एकेक जोड बघ. कॉपर वॉशर जुने वापरू नकोस.

वायरिंग थोडक्यात. पूर्वी लिफ्ट पंप इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हुकमाने चालायचा. व्हीपी-44 काढल्यावर त्या कॉम्प्युटरच्या भरवशावर राहू नकोस. वेगळा रिले, बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज. रिलेला हुकूम ऑइल प्रेशर स्विचमधून दे, आणि स्टार्टर मारतानापुरती वेगळी वाट ठेव. हे अवश्य कर. इंजिन कुठल्याही कारणाने थांबलं तर पंप थांबलाच पाहिजे; नाहीतर फुटलेल्या नळीतून 35 पीएसआयने डीझेल थेट तापलेल्या टर्बोवर.

प्रेशर गेज गॅलरीच्या तोंडाशी घे, फिल्टरच्या आधी नाही. केबिनमध्ये फक्त वायर आण, डीझेल आणू नकोस. पी-पंपाचे ठोके सेन्सर खातात, म्हणून मधे छोटी नीडल व्हॉल्व्ह टाक. आणि आयडलचा आकडा मला कळवू नकोस, त्याला काही अर्थ नाही. चढावर, पूर्ण जोरात काटा कुठे उतरतो तेवढं सांग. दहा पीएसआयहून जास्त पडला तर आधी सक्शन, मग फिल्टर, मग ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. पंप सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा चालू करताना आधी लिफ्ट पंप नुसता चालव. हवा ओव्हरफ्लोमधून आपोआप टाकीत जाईल. मग दोन-तीन इंजेक्टरचे नट सैल करून स्टार्टर मार. तिथे हात लावू नकोस! हाय प्रेशरचा दाब हजार बारच्या घरात असतो, बारीक फवारा कातडीतून आत जातो आणि सुरुवातीला दुखतही नाही. गळती पुठ्ठ्याने शोध.

हो, आणि हे सगळं बसवण्याआधी तुमच्याकडच्या धूर तपासणीचे नियम आणि फेडरल कायदा इंजिनमधल्या फेरफारांबद्दल काय म्हणतो ते नीट वाच. 2001 ची गाडी म्हणून सगळं माफ असतं, असं समजू नकोस.

कोथरूडच्या कमिन्स इंजिन कंपनीतून आलेले आमचे दोन शेजारी तुझ्या ट्रकची गोष्ट ऐकून एकदम खुलले. त्यातल्या एकाकडे जुन्या 12 व्हॉल्व्ह इंजिनचं शटऑफ सोलेनॉइड (इंजिन बंद करणारा विजेचा खटका) पडून आहे. तुझ्या पंपासोबत ते आलंय का? नसेल तर लगेच कळव, बुधवारी पार्सल टाकतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. चादर नवी आणून दे.

तुझा,
दिग्या