आजीच्या चाचणीविषयी शांघायहून बाबांना

शांघाय,
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचा निरोप आणि आजीच्या स्मरणशक्तीच्या चाचणीच्या कागदाचा फोटो मिळाला. ३० पैकी १९ गुण पडले, एवढ्यावरून दहा मिनिटांत तिला स्मृतिभ्रंश झाल्याचे सांगण्यात आले आणि तेव्हापासून घरातली सगळी माणसे तिच्यासमोरच तिच्याविषयी हलक्या आवाजात बोलू लागली, हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. तुम्ही विचारले आहे की, मी इथे याच विषयातल्या आकडेवारीवर काम करते, तर माझे मत काय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आजीला आजार आहे की नाही हे सांगणे माझ्या अधिकारात नाही. परंतु हाच कागद घेऊन इथले संशोधक चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या पेचात सापडले होते आणि त्यातून त्यांनी वाट कशी काढली, हे मला चांगले माहीत आहे, आणि ते तुम्हांला सविस्तर कळावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

‘मिनी मेंटल स्टेट’ नावाची ही चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिच्यात आजची तारीख विचारतात, १०० मधून सात-सात वजा करायला सांगतात, एक वाक्य लिहायला लावतात आणि एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती पाहून काढायला सांगतात. ज्या आजीने आयुष्यात पाटी-पेन्सिल हातात धरली नाही, तिच्यापुढे हा कागद ठेवणे म्हणजे नेमके काय तपासणे, हा प्रश्न शांघायमध्ये १९८०च्या दशकात उभा राहिला. इथल्या जिंगआन या भागात चांग मिंगयुआन, अमेरिकेचे रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरील ५,०५५ माणसांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. १९४९ पूर्वीच्या चीनमध्ये जन्मलेल्या असंख्य बायकांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. त्यामुळे अमेरिकेतली पासाची रेषा जशीच्या तशी लावली असती, तर घर चालवणाऱ्या, भाजीचा हिशेब तोंडी करणाऱ्या कितीतरी बायका आजारी ठरल्या असत्या.

म्हणून त्यांनी शिक्षणानुसार तीन वेगळ्या रेषा आखल्या: शाळेत न गेलेल्यांसाठी १७ गुण, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी २० आणि त्यापुढे शिकलेल्यांसाठी २४. गुण या रेषेच्या वर असतील, तर केवळ गुणांवरून शंका घ्यायची नाही, आणि खाली असतील तरीही तिथेच निकाल द्यायचा नाही, तर पुढच्या टप्प्यात सविस्तर तपासणी करायची, घरच्यांशी बोलायचे आणि माणसाला रोजची कामे जमतात का हे पाहायचे, अशी ती पद्धत होती. बाबा, आजीचे १९ गुण शाळेत न गेलेल्यांच्या रेषेच्या वर आहेत. शांघायची रेषा मराठी म्हातारीला तशीच लागू पडेल असे मी म्हणत नाही, पण तिला लावलेली रेषा शाळा शिकलेल्यांची होती, एवढे मात्र निश्चित.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लपवून ठेवली, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. रेषा बदलूनही, सविस्तर तपासणीनंतरही, न शिकलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश खरोखरच अधिक आढळला. शिक्षणाने मेंदूला काही शिल्लक मिळते आणि उतारवयात ती उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे शाळा न मिळण्याची शिक्षा या बायकांना दोनदा झाली, एकदा कागदावर आणि एकदा प्रत्यक्षात. आजीला काहीच झालेले नाही असे मी म्हणू शकत नाही, ते याच कारणामुळे.

चाचणीचे भाषांतर करताना आलेली एक अडचण तुम्हांला आवडेल. मूळ चाचणीत इंग्रजीतले एक अडखळवणारे वाक्य ऐकून पुन्हा म्हणायचे असते. त्याचा शब्दशः अनुवाद निरर्थक झाला असता, म्हणून चिनी आवृत्तीत ‘चव्वेचाळीस दगडी सिंह’ या अर्थाचे शब्द घातले आहेत. प्रमाण चिनी भाषेत त्यात ‘स’ आणि ‘श’ यांची अशी गर्दी होते की, आपल्याकडच्या ‘चटईला टाचणी टोचली’ची आठवण यावी. पण शांघायच्या घरगुती बोलीत ‘स’ आणि ‘श’ यांतला हा भेदच नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागासाठी हिंदीत ही चाचणी घडवली, तेव्हा वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही बोलायला सांगितले. आजीला घराविषयी बोलायला सांगितले असते, तर तिला थांबवणेच कठीण झाले असते.

तुमच्या निरोपातल्या ‘म्हातारचळ’ या शब्दाने मला थोडे दुःख झाले, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. इथेही या आजाराला ‘छीताय’ म्हणतात आणि त्या दोन्ही अक्षरांचा अर्थ मंद, बावळट असा होतो. हे नाव ऐकूनच घरचे लोक रुग्णाला दवाखान्यात न्यायला कचरतात. जपानने आपल्याकडचा असाच शब्द २००४ मध्ये अधिकृतपणे बदलला, पुढे हाँगकाँगमध्येही नवे नाव आले. आपण निदान आपल्या घरापुरता तो शब्द सोडून देऊ या.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहिते. आजोबा गेल्यापासून आजी डोके जड झाल्याचे, झोप उडाल्याचे आणि छातीत भरून येत असल्याचे सांगते, असे आई दर रविवारी फोनवर म्हणते. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८० मध्ये हूनान प्रांतातील वैद्यकीय महाविद्यालयात अशाच तक्रारी घेऊन आलेले १०० रुग्ण तपासले. त्या सर्वांच्या कागदावर ‘शन्जिंग श्वायरुओ’ म्हणजे ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे निदान होते. त्यांच्यापैकी ८७ जण तीव्र नैराश्याच्या निकषांत बसत होते. मन खचले आहे असे सांगणे माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) धोक्याचे होते, कारण ते विचारांतला दोष मानले जाई. डोकेदुखीला मात्र कोणी दोष देत नसे. आपल्या आजीवर असला राजकीय धाक कधीच नव्हता, पण ‘मला दुःख होते’ हे वाक्य आपल्या घरातल्या कोणत्या बाईच्या तोंडून तुम्ही कधी ऐकले आहे का? उतारवयातले नैराश्य पुष्कळदा विसराळूपणाचे रूप घेऊन येते, आणि त्यावर उपचार होऊ शकतात. चीनच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २८ हजारांहून अधिक लोकांशी बोलल्यानंतर असे दिसले की, आदल्या वर्षभरात नैराश्याचा त्रास झालेल्यांपैकी केवळ ९.५ टक्के लोकांनी कोणती ना कोणती मदत घेतली होती आणि पुरेसा उपचार तर ०.५ टक्के लोकांनाच मिळाला होता. हे आकडे मी रोज पाहते, पण त्यांच्यामागे आजीचा चेहरा मला या आठवड्यात पहिल्यांदा दिसला.

धाकटे काका ‘थोडी घेतल्याने रक्त पातळ राहते’ असे म्हणतात, त्यांनाही एक सांगायचे आहे. लोकांना विचारले की मोजकी पिणारे खरोखरच निरोगी दिसतात. परंतु पूर्व आशियातील अनेकांच्या अंगी असा आनुवंशिक गुण असतो की, घोटभर दारूनेही चेहरा लाल होतो आणि जीव घाबरा होतो, त्यामुळे ते जन्मभर कमी पितात. ऑक्सफर्ड आणि चिनी संशोधकांनी पाच लाखांहून अधिक लोकांचा जो अभ्यास चालवला आहे, त्यात २०१९ मध्ये माणसाच्या सांगण्याऐवजी या गुणावरून हिशेब मांडला, तेव्हा थोड्या दारूचा फायदा नाहीसा झाला आणि जितकी दारू अधिक तितका पक्षाघाताचा धोका अधिक, असे सरळ दिसले. पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते, हे काकांना आवर्जून सांगावे.

आजीसाठी माझी विनंती अशी की, जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ पाहून तिला पुन्हा दाखवावे. ती शाळेत गेलेली नाही, हे त्यांना सर्वांत आधी सांगावे. तिची ऐकण्याची शक्ती, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण यांच्यामुळेही विसराळूपणा येतो आणि तो बराचसा सुधारतो. दरम्यान महिनाभर एक वही करावी: दुधाचा हिशेब तिला बरोबर जमतो का, गॅस बंद करायची राहते का, ओळखीच्या रस्त्यावर ती गोंधळते का, एकच प्रश्न दिवसातून किती वेळा विचारते, आणि हे सारे केव्हापासून. ही वही तिच्यापासून लपवू नये. तपासणाऱ्याला या वहीचा त्या कागदापेक्षा अधिक उपयोग होईल.

मी ज्या चिनी सर्वेक्षणाची आकडेवारी वापरते, ते २०११ पासून पंचेचाळीस वर्षांवरील लोकांना दर काही वर्षांनी पुन्हा भेटते आणि दहा शब्द ऐकवून त्यांतले किती आठवतात ते विचारते. त्याच धर्तीचे भारताचे सर्वेक्षण मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालते आणि त्याच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोक होते. या दोन्हींतल्या न शिकलेल्या बायकांची उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत, हे माझ्या मनात गेले वर्षभर होते. आता ते काम मी हाती घेतले आहे.

रविवारी फोन कराल तेव्हा आजीकडे द्यावा. तिला काही विचारायचे नाही, फक्त तिच्याशी बोलायचे आहे.

सौ. आईस व दादास नमस्कार.

तुमची लेक