बीटा आवृत्तीची घाई नको

महोदय,

विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून नाशिकमधील अनेक विद्यार्थी जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू ही मोफत संगणकप्रणाली बसवू लागले आहेत, हे चांगलेच आहे. मात्र एप्रिल किंवा ऑक्टोबरमधील अधिकृत आवृत्तीची वाट न पाहता तिची बीटा (म्हणजे चाचणीसाठीची) आवृत्ती रोजच्या संगणकावर घालण्याची हौस मला अनाठायी वाटते. पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळे असले की विंडोज सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे, कारण नव्या पद्धतीच्या संगणकांत दोन्ही प्रणालींचे बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे प्रोग्राम) बहुधा एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या भागात, असतात आणि इन्स्टॉलरमधील दोष तिथवर पोहोचू शकतो. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर बूटलोडरमधील बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्यावा (त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमधील प्रतीला बॅकअप म्हणणे धाडसाचेच). चाचणीला हातभार लावायचा असेल, तर व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) बहुतेकांना पुरते, आणि वायफाय किंवा ग्राफिक्स तपासायचे असल्यास पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता, लाइव्ह सत्र चालवता येते. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतील एखादा जुना संगणक अशा चाचण्यांसाठी राखून ठेवावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक