नैरोबीच्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सुखरूप सांगलीला पोचलो हे फोनवर सांगितलंच. पण तुमचे आभार पाच मिनिटांच्या फोनवर उरकायला मन तयार होईना. शिवाय केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला निघालेल्या आणखी कुणाला उपयोग होईल, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

तुमची-माझी ओळखही नव्हती. आतेबहिणीने नंबर दिला, मी बिचकतच फोन केला आणि सिंह हमखास कुठे दिसतात ते विचारलं. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "बरोबर कोण कोण आहे? वयं काय? यलो फीवरची लस कधी घेताय?"

यलो फीवर म्हणजे डासांमुळे होणारा पीतज्वर. त्याच्या लसीचं आम्ही मनावरच घेतलं नव्हतं. बुकिंग करणाऱ्याने सांगितलं होतं की लस घेतल्याचं कार्ड कुणी बघत नाही, शेवटच्या आठवड्यात घेतली तरी चालेल. तुम्ही मात्र सगळं समजावून सांगितलंत. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय कार्ड ग्राह्य धरत नाहीत. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तिथले वार ठरलेले असतात, म्हणून आधी अपॉइंटमेंट घ्यायची. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. आणि आई ६७ वर्षांची आहे म्हटल्यावर तुमचा आवाज बदलला. साठीपुढच्या माणसांना ही लस क्वचित गंभीर त्रास देऊ शकते, तेव्हा आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर तसं लेखी घ्या, असं तुम्ही दोनदा बजावलंत. डॉक्टरांनी तिचे सगळे रिपोर्ट बघितले आणि मगच हो म्हटलं.

परतताना मुंबई विमानतळावर पहिल्यांदा मागितलं ते हेच पिवळं कार्ड. आमच्या पुढच्या कुटुंबात एकाकडे ते नव्हतं. त्यांना बाजूला घेतलं. अशा माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं, हे तुमच्यामुळे मला ठाऊक होतं. आईने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "त्या ताईंना कळव."

सामानाचंही तुम्हीच सुधारलंत. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने मी सुती कपडेच भरले होते. मारा दीड हजार मीटरहून उंच आहे आणि ऑगस्टात पहाटे उघड्या गाडीत कुडकुडायला होतं, हे तुम्ही सांगितलंत म्हणून स्वेटर आणि कानटोप्या घेतल्या. गडद निळे कुर्ते मात्र बाहेर काढायला लावलेत, कारण त्सेत्से माशी निळ्या-काळ्या रंगावर येते आणि पातळ कापडातूनही चावते. आईच्या कमरेमुळे आम्ही नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने गेलो. तिथे हातातल्या पिशवीसकट १५ किलो, आणि बॅगही मऊच हवी. चिवडा, चकल्या, लाडू सगळं कॅरीबॅगमधून स्टीलच्या डब्यांत गेलं, कारण केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. डबे तंबूत ठेवायचे नाहीत, कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यायचे, हेही तुमचंच. शेजारच्या तंबूची चेन अर्धी उघडी राहिली होती. वानरांनी बिस्किटांसकट औषधांची पिशवी पळवली.

आता त्या रात्रीचं सांगते. आमचा तंबू नदीकाठी होता. जेवून आलो आणि आईच्या लक्षात आलं की रात्रीच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर राहिल्या. अंतर जेमतेम चाळीस पावलं, वाटेवर कंदील. ती चप्पल घालून उठलीसुद्धा. "अंधार पडल्यावर रखवालदाराशिवाय एक पाऊलही नाही," हे तुमचे शब्द मला आठवले. नैरोबीत भेटलात तेव्हा तुम्ही दिलेली शिटी मी वाजवली, टॉर्च हलवला. लांबून टॉर्चचं उत्तर आलं, पण माणूस येईना. तो वाटेतच थांबला होता, हात वर करून. मग आवाज ऐकू आला. गोठ्यात म्हैस कडबा ओढते ना, तसा गवत तोडल्याचा, पण त्याहून जड. तंबू आणि वाट यांच्यामध्ये पाणघोडा चरत होता. रात्री ते पाण्यातून वर येतात, आणि पाण्याकडे जायच्या त्यांच्या वाटेत माणूस आला तर अंगावर धावून येतात, हे तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी आईला अडवलंच नसतं. दहाएक मिनिटांनी तो काठाकडे गेला, आणि रखवालदाराने गोळ्या आणून दिल्या. आई त्याला "असांते साना" म्हणाली, म्हणजे स्वाहिलीत खूप आभार, तेही तुम्हीच शिकवलेलं.

गाडीतही तुमचाच शब्द पाळला. गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून वाकायचं नाही, छतावर चढायचं नाही. सिंहाला गाडी एकसंध दिसते, बाहेर आलेलं माणूस वेगळं दिसतं. आणि "अजून जवळ घ्या" असा ड्रायव्हरच्या मागे लकडा लावायचा नाही. एका चित्तीणीजवळ पाच गाड्या आधीच होत्या. आमच्या ड्रायव्हरदादांनी गाडी लांबच थांबवली. भाचा हिरमुसला, पण मी काही बोलले नाही. वीस मिनिटांनी ती पिल्लांना घेऊन आमच्याच बाजूने गेली, आणि तो श्वास रोखून बघत राहिला.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशाच घेतल्या: जायच्या आदल्या दिवसापासून रोज जेवणाबरोबर आणि परत आल्यावर आणखी सात दिवस. तरी अकराव्या दिवशी ह्यांना ताप भरला. इथे पावसाळा, सगळ्यांच्या तोंडी डेंग्यू. मी दवाखान्यात शिरताच सांगितलं की आम्ही आफ्रिकेतून आलोय, मलेरियाचं रक्त आजच तपासा. तुम्ही सांगितलं होतंत की गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो आणि तो काही आठवड्यांनीही डोकं वर काढतो. तपासणीत काही निघालं नाही, साधा ताप होता. पण ते दोन दिवस मला नेमकं काय करायचं ते ठाऊक होतं, याचा केवढा आधार वाटला!

ताई, एका अनोळखी बाईसाठी तुम्ही महिनाभर रात्री फोन घेत होतात. केनियात आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे माझा नऊचा फोन तुमच्या ऐन स्वयंपाकाच्या वेळी यायचा. मागे कुकरची शिटी ऐकू यायची, तरी तुम्ही एकदाही "नंतर बोलू" म्हणाला नाहीत.

तुमची शिटी आणि टॉर्च माझ्याकडेच आहेत. दिवाळीला तुम्ही माहेरी येणार आहात ना, तेव्हा सांगलीला दोन दिवस राहायलाच या. आईने तुमच्यासाठी घरची हळद दळून ठेवली आहे, स्टीलच्या डब्यात.

तुमची,
सांगलीची धाकटी बहीण