कॅन्सस सिटीतील रात्री: मुलीस पत्र

चि. सायलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर बाहेर जाणार असल्याचे सांगताना फोनवर तुझा आवाज जरा दबल्यासारखा वाटला. अभ्यास सांभाळून तू रात्री बाहेर जातेस याला माझी किंवा तुझ्या आईची मुळीच हरकत नाही. माझी इच्छा एवढीच आहे की, या शहराची रात्र ज्यामुळे मोठी झाली ते संगीत तू तिथे असेपर्यंत मनापासून ऐकावेस. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मिसूरी राज्यातल्या, जेमतेम पाच लाख वस्तीच्या कॅन्सस सिटीला जॅझच्या इतिहासात मानाचे पान मिळाले, त्यामागे तिथल्या रात्रीच आहेत. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, पण शहराची सूत्रे हातात असलेल्या टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याच्या आशीर्वादाने तो कायदा तिथे कागदावरच राहिला. क्लब पहाटेपर्यंत चालू राहत, त्यामुळे मंदीच्या दिवसांतही वादकांना तिथे काम मिळे. फिरत्या नाटक मंडळीबरोबर आलेला आणि 1927 मध्ये तिथेच अडकून पडलेला पियानोवादक काउंट बेसी याच शहरात नावारूपाला आला. पेंडरगास्टचा कारभार भ्रष्ट होता, 1939 मध्ये करचुकवेगिरीबद्दल त्याला तुरुंगातही जावे लागले आणि त्या कारभाराचे समर्थन कोणी करू नये. पण त्या रात्रींतून जे संगीत उभे राहिले ते वादकांच्या मेहनतीचे आहे, त्याचे श्रेय त्यांचेच.

पैशाचे काम संपल्यावर हे वादक घरी जात नसत. ते दुसऱ्या एखाद्या क्लबमध्ये जमत आणि एकमेकांसाठी, एकमेकांवर मात करण्यासाठी वाजवत. मेरी लू विल्यम्स या पियानोवादिकेने सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. कोलमन हॉकिन्स हा त्या काळचा सॅक्सोफोनचा बादशहा शहरात आला होता आणि लेस्टर यंग, बेन वेबस्टर, हर्शेल इव्हान्स हे तिथले वादक त्याला हटत नव्हते. साथ करणारे पियानोवादक थकून गेले, तेव्हा पहाटे चारच्या सुमारास बेन वेबस्टरने तिच्या खिडकीवर थाप मारून तिला उठवले आणि वाजवायला बोलावून नेले. त्या गर्दीत एका स्त्रीला हक्काने उठवून नेले गेले, कारण तिच्या हातात ती तयारी होती.

ती परंपरा अजून बंद पडलेली नाही. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय वादकांना आपली वेगळी संघटना काढावी लागली होती. लोकल 627 हे तिचे नाव. हायलँड अव्हेन्यूवरची तिची इमारत आज म्युच्युअल म्युझिशियन्स फाउंडेशन म्हणून ओळखली जाते. तिथे शुक्रवारी आणि शनिवारी मध्यरात्र उलटून गेल्यावर जॅम सेशन, म्हणजे वादकांनी आयत्या वेळी एकत्र जमून केलेले वादन, सुरू होते आणि इतर ठिकाणची कामे आटोपून वादक वाद्यांच्या पेट्या घेऊन येत राहतात. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या रात्रभराच्या सभा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना तिथे परके वाटणार नाही.

ऐकण्याची गोडी लागावी म्हणून थोडे सांगतो. जॅझमध्ये सतत भेटणाऱ्या ब्लूज या रचनाप्रकाराचे एक आवर्तन सहसा बारा बारांचे, म्हणजे मात्रांच्या बारा गटांचे, आणि प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक वादक त्याच आवर्तनावर विस्तार करतो, आणि शेवटाकडे ड्रमवाल्याशी चार-चार बारांचे सवाल-जवाब होतात. लहानपणापासून तबला ऐकलेल्या कानाला आवर्तन कुठे संपते हे फार लवकर कळू लागते, आणि एकदा ते कळले की आनंद दुपटीने वाढतो. मागच्या वर्षी आपण ग्रीन लेडी लाउंज या जॅझ क्लबमध्ये बसलो होतो तेव्हा ऑर्गन, गिटार आणि ड्रम एवढेच तिघे होते. बास वाजवणारा वेगळा माणूस नव्हता, आणि ऑर्गनवादक डाव्या हाताने व पायाखालच्या पट्ट्यांनी खर्ज सांभाळत होता. त्याच्या पायांवरून माझी नजर हलत नव्हती. पुढच्या वेळी तू जवळच्या टेबलाशी बसून ते पाहा. एकल वादन संपले की टाळ्या द्याव्यात, संथ चीज चालू असताना बोलू नये आणि टिपच्या भांड्यात पैसे टाकल्याशिवाय उठू नये. कित्येक वादकांचा चरितार्थ त्यावर चालतो.

पॉवर अँड लाइट या करमणुकीच्या भागातल्या मोठ्या पडद्यावर मैत्रिणींसोबत सामने जरूर पाहा, पण तसा भाग अमेरिकेतल्या कोणत्याही शहरात सापडेल. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी क्रॉसरोड्स भागातली चित्रदालने संध्याकाळी खुली असतात. तिथून सुरुवात करून ग्रीन लेडी आणि मग हायलँड अव्हेन्यू, अशी रात्र मला आदर्श वाटते. मेन स्ट्रीटवरच्या मोफत ट्रामने क्रॉसरोड्सला जाता येईल, पण हायलँड अव्हेन्यू ज्या भागात आहे त्या अठराव्या रस्त्याच्या आणि व्हाइन स्ट्रीटच्या जॅझ वस्तीपर्यंत ती जात नाही, म्हणून पुढे टॅक्सीच करावी आणि एकटीने पायी जाऊ नये.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो. तू एकवीस वर्षांची झाली आहेस, त्यामुळे घ्यायची की नाही हे तू ठरवशील. मात्र घेतलेली असताना गाडी चालवायची नाही, आणि चालवणाऱ्याने घेतली असेल तर त्याच्या गाडीत बसायचे नाही. या गुन्ह्यात नुसती अटक झाली तरी विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. तसेच मिसूरीत 2022 च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला असला तरी केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे, आणि परदेशी नागरिकाला तो कायदा लागू पडतो. मैत्रिणींना चालते ते तुला चालणार नाही, हे मनाशी पक्के असू दे.

हायलँड अव्हेन्यूला जाऊन आलीस की कोण कोण वाजवायला उठले, कोणाकोणाची जुगलबंदी रंगली आणि सभा किती वाजेपर्यंत चालली ते सगळे लिही. आईलाही ते वाचायचे आहे.

तुझे,
बाबा