४० टक्के नाहीत म्हणून काहीच मिळत नाही, हे कुणी सांगितलं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझं सोलापूरच्या पूर्व भागात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. त्याच्या आधी २२ वर्षं यंत्रमागावर कामाला होतो, म्हणजे हे पत्र कुठल्या वकिलाचं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण एक गोष्ट रोज डोळ्यासमोर होते आणि रोज डोकं फिरतं म्हणून लिहितोय.

मागच्या आठवड्यात एक अक्का आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पोराचे कागद. म्हणाल्या, "अण्णा, ते संजय गांधीचा फॉर्म भरून द्या की, पोराला एका डोळ्यानं दिसंना झालंय." मी दिव्यांग प्रमाणपत्र बघितलं तर ३० टक्के. म्हटलं अक्का, याच्यावर संजय गांधी योजनेची पेन्शन बसत नाही, ४० टक्के लागतात. तर त्या म्हणाल्या, होय, तिथं पण तसंच सांगितले, ४० नाही म्हणून काहीच मिळत नाही म्हणे, तरी म्हटलं तुम्हाला एकदा विचारावं. आणि पिशवी आवरून निघाल्या.

मी सहज विचारलं, डोळ्याला झालं काय? तर म्हणाल्या, धोटा (मागावर आडवं सूत घेऊन धावतो तो) उडून लागला.

मग मी त्यांना बसवलं, चहा सांगितला. कारण हे काहीतरी वेगळंच प्रकरण होतं. पोरगं २५ वर्षांचं, मागावर कामाला, महिन्याला १५ हजाराच्या जरा वरच पडायचे, गेल्या श्रावणात चालू मागावरचा धोटा सुटला तो सरळ डोळ्यात. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे दिले, आणि "बरा झाला की ये, वायंडिंगला बसवतो" (म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला) म्हणाला. घरच्यांना वाटलं मालक देवमाणूस आहे. असेलही, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण कायद्यानं त्या पोराचे किती होतात हे ना मालकानं सांगितलं ना प्रमाणपत्र देणाऱ्यानं, आणि त्या माऊलीला तर असा काही कायदा आहे हेच माहीत नाही.

आता हिशोब बघा, झेरॉक्सच्या रद्दी कागदाच्या पाठीवर मी त्यांना करून दाखवला तोच लिहितो. १९२३ चा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, आधी नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, नंतर कर्मचारी नुकसानभरपाई झालं. त्यात मागं एक यादी आहे. कुठलं बोट गेलं तर किती टक्के, डोळा गेला तर किती टक्के. एका डोळ्याची नजर गेली आणि दुसरा चांगला असला तर ३० टक्के. डोळाच काढावा लागला तर ४०. मग पगाराचे ६० टक्के घ्यायचे, पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात (२०२० पासून, त्याआधी ८,००० धरायचे), म्हणजे झाले ९,०००. त्याला वयाप्रमाणे एक आकडा असतो त्यानं गुणायचं, २५ वर्षांला २१६.९१. आणि त्याचे ३० टक्के. उत्तर येतं ५ लाख ८५ हजार ६५७ रुपये.

अक्कांनी तो कागद हातात धरून मला विचारलं, "हे कुणाचे?" म्हटलं तुमच्या पोराचे. त्यांचा विश्वास बसला नाही, खरं सांगायचं तर पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा माझाही बसला नव्हता.

तर साहेब, मुद्दा हा आहे. आपल्या गावात "४० टक्के" हा शब्द असा काही बसलाय की त्याच्या खाली माणूस दिव्यांगही नाही आणि जखमीही नाही. अरे पण ते ४० टक्के कुठले? ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले. त्या कायद्यानं चांगलंच केलं, आधी १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं ते २१ केलं, सरकारी नोकरीत ३ टक्क्यांचं आरक्षण ४ टक्के केलं. तर हे आरक्षण, पेन्शन, सवलती यांना ४० टक्क्यांची अट आहे. संजय गांधीत दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० झालेत, तिथं पण तीच अट. पण भरपाईच्या कायद्यात असं काही नाहीच! तिथं तर्जनीचं नुसतं टोक गेलं, हाडाला धक्का नाही, तरी ५ टक्के आहेत. करंगळी पूर्ण गेली तर ७. अंगठा ३०. म्हणजे एका खिडकीवर जो माणूस "बसत नाही" तोच दुसऱ्या खिडकीवर लाखाचा हक्कदार, आणि दुसरी खिडकी आहे कुठं हे पहिल्या खिडकीवाला सांगत नाही, कारण त्याचं ते काम नाही. बरोबरच आहे त्याचं. मग कुणाचं काम आहे?

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का लिहितोय तर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. तर्जनी आणि मधलं. २०१४ ला गिअरमध्ये गेली. तेव्हा वय ४० पूर्ण, बटवडा आठवड्याला पावणेदोन हजार, म्हणजे महिन्याला ७ हजार धरा. मला १५ हजार मिळाले, दोन हप्त्यात, आणि त्यातनं आधीची उचल कापून घेतली. वर मुकादम म्हणाला तुझंच लक्ष नव्हतं. मी पण मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण खरंच त्या दिवशी रात्रपाळी करून परत दिवसपाळीला थांबलो होतो, डोळ्यावर झापड होती. दुकान टाकल्यावर चौथ्या वर्षी हा कायदा वाचला तेव्हा कळलं की नुसतं लक्ष नव्हतं म्हणून मालक सुटत नाही, दारू पिऊन असलास किंवा मुद्दाम सेफ्टीचं गार्ड काढलंस तर गोष्ट वेगळी. आणि एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. ४,२०० गुणिले १८४.१७, त्याचे २० टक्के. दीड लाखाच्या वर होतात. अर्जाची मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफ होतो म्हणे, पण मी गेलोच नाही. कोण जाणार, त्या शेडमध्ये माझं नाव कुठल्या रजिस्टरला होतं की नव्हतं हेच मला ठाऊक नाही. दहा माणसं दिसली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागते, म्हणून एकाच छपराखाली दोन नावं, दोन मीटर, आणि माणसं निम्मी निम्मी. हे आमच्या गावात कुणाला नवीन आहे का?

ईएसआय असती तर अजून बरं झालं असतं. तिथं आता पगारातनं पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन भरतो, आणि कायमचं अपंगत्व आलं तर एकरकमी नाही तर महिन्याच्या महिन्याला मरेपर्यंत मिळतं. माणसं ते पाऊण टक्का वाचवायला कार्ड नको म्हणतात, मी पण म्हणायचो.

आता दुसरी बाजू. माझा साडू फौजेत होता, तोफखान्यात. आमच्या जिल्ह्यात गावोगाव माजी सैनिक आहेत, त्यामुळं हे बऱ्याच घरात माहीत असेल. त्याला निवृत्तीच्या वेळी कानानं कमी ऐकू यायचं, मेडिकल बोर्डानं ३० टक्के लिहिले पण शेरा मारला की हे नोकरीमुळं झालं नाही आणि नोकरीनं वाढलंही नाही. फौजेत याला 'नाना' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरनं. मला आधी वाटलं नाना म्हणजे कुणी साहेब आहे ज्यानं याची पेन्शन अडवली. आता तोफेशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचा कान नोकरीमुळं गेला नाही तर काय बायकोच्या बोलण्यानं गेला? (हे तोच म्हणतो, मी नाही.) पण तो लढला. २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये निकाल आलाय की भरती करताना माणूस ठणठणीत म्हणून घेतला आणि तेव्हा कागदावर आजाराची नोंद नाही, तर नंतरचा आजार नोकरीमुळंच आला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, तिथं तो गेला, तीन-चार वर्षं गेली, पण अपंगत्व पेन्शन सुरू झाली. फौजेत खालची अट २० टक्क्यांची आहे, ४० ची नाही. आणि ५० च्या आतलं असेल तर पेन्शनला ५० धरतात, तसे त्याचे ३० चे ५० झाले. २०२३ ला नवीन नियम आलेत त्यावर माजी सैनिक नाराज आहेत, तो वेगळा विषय, साडू त्यावर दोन तास बोलतो.

मला सांगायचंय ते कानाचं. माझे वडील ३० वर्षं मागावर होते, त्यांचा कान साडूपेक्षा जास्त गेला होता. आमच्याकडं मागावर काम केलेला माणूस फोनवर बोलायला लागला की गल्लीला सगळं कळतं, घरात टीव्हीचा आवाज शेजारच्याच्या भांडणाला कारण. आम्ही त्याला "बापू कमी ऐकतात" म्हणून हसायचो. पण त्या भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांची पण यादी आहे, त्यात आवाजानं आलेलं बहिरेपण आहे, आणि कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग पण आहे. म्हणजे तोफेनं कान गेला तर ती सेवा आणि मागानं कान गेला तर तो स्वभाव, असं कायदा म्हणत नाही, आपण म्हणतो. साडूला लढता आलं कारण त्याच्याकडं भरती झाल्यापासून प्रत्येक दिवसाचा कागद होता. साधं ठेच लागली तरी रिपोर्ट, तो म्हणतो. बापूंकडं ३० वर्षांतला एक कागद नव्हता.

आणि कागद असला तरी तो कसा असतो ते बघा. जखमी माणसाला दवाखान्यात घेऊन जातं कोण? मुकादम नाहीतर मालकाचा माणूस. केसपेपर काढताना "कसं लागलं" विचारलं की तोच उत्तर देतो, घरी पडला. पेशंट कळवळत असतो, बायको अजून पोचलेली नसते. त्या दोन शब्दांवर पुढचे पाच लाख जातात साहेब. माझ्या केसपेपरवर "घरी दारात बोट सापडून" लिहिलंय. दोन बोटं दारात!

१८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, ८ जीव गेले, मालकाचं घरच त्यात गेलं, सगळं गाव हळहळलं, सरकारनं मदत जाहीर केली, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण एक एक बोट, एक एक डोळा असा जातो तेव्हा बातमी होत नाही.

नवीन काय तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९२३ चा तो कायदा त्यात गेला. घरनं कामाला जाताना येताना अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसला तर तो पण आता धरतात, हे चांगलं आहे, आमच्याकडं कुंभारीवरनं सायकलीवर, सहा आसनीत लटकून येणारी माणसं किती आहेत. पण अक्कांच्या पोराचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणून त्याचा हिशोब जुन्या कायद्यानं.

सरकारी नोकराची अजून एक गोष्ट. दिव्यांग कायद्यात आहे की सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, दुसरं काम द्यायचं, पगार तोच ठेवायचा. अक्कांचं पोरगं सरकारी नोकरीत असतं तर त्याला कुणी हलवू शकलं नसतं. खासगी शेडला ते कलम लागत नाही, तिथं "वायंडिंगला बसवतो" हा मालकाचा उपकार, आणि पगार अर्ध्यावर.

माझं मागणं काही मोठं नाही, कायदा बदला असं मी म्हणत नाही. जिथं दिव्यांग प्रमाणपत्रं देतात तिथं एक टेबल कामगार खात्याचं लावा, आठवड्यातनं एक दिवस लावा. ज्याचे टक्के ४० च्या खाली आले त्याला एवढंच विचारा की कामावर झालं का, आणि हो म्हणाला तर पुढचा पत्ता सांगा. प्रमाणपत्राबरोबर एक चिठ्ठी मराठीत आणि तेलुगूत द्या की हे टक्के सवलतीचे आहेत, भरपाईचे नाहीत. आणि अपघाताच्या केसपेपरवर "कुठं काम करतो" हा रकाना सक्तीचा करा, तो पेशंटच्या घरच्यांना विचारून भरा. महाराष्ट्रानं २०२२ ला वेगळं दिव्यांग कल्याण खातं केलं म्हणून आपण कौतुक करून घेतलं ना, मग एका टेबलाला काय होतं.

कामगारांना पण सांगतो. आठवड्याची चिठ्ठी फाडू नका. पगार फोनपेवर येत असेल तर तो स्क्रीनशॉट ठेवा, तोच तुमचा हजेरीपट. आणि शंभराच्या स्टँपवर "माझी काही तक्रार नाही" लिहून दिलं असेल तर घाबरू नका, आपला भरपाईचा हक्क सोडून दिला असं लिहून घेतलेलं कायद्यात चालत नाही.

अक्का सोमवारी परत येणार आहेत, पोराला घेऊन आणि दवाखान्याचा पहिला केसपेपर शोधून. त्यावर काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय मला अर्जाची पहिली ओळ लिहिता येत नाही. श्रावणातली तारीख धरून दोन वर्षांपैकी किती महिने गेले ते मात्र मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलंय.

आपला,
पूर्व भागातला एक वाचक, सोलापूर